आवाज नुसता प्लॅटफॉर्मचा नव्हताच! सॅडल अपडेट, सीझनच्या तोंडावर

मंडळी, सापडला एकदाचा! मागच्या अपडेटमध्ये ज्या "कर्रर्र-टक्" वरून मी तुमचं सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं तो आवाज सापडला, आणि तुम्ही सगळ्यांनी (हो, मी पण) ज्या प्लॅटफॉर्मला शिव्या घातल्या तो बिचारा अर्धाच दोषी निघाला. १ ऑक्टोबरला इथे मिशिगनमध्ये आर्चरी (धनुष्याने हरणांच्या शिकारीचा सीझन) उघडतेय, त्यामुळे आज जरा सविस्तर लिहिते, नंतर वेळ मिळणार नाही.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: सॅडल म्हणजे कमरेला बांधायचा झोळीसारखा पट्टा, टेदर म्हणजे त्याला धरून ठेवणारा खोडाभोवतीचा दोर, आणि प्लॅटफॉर्म म्हणजे खोडाला बांधलेली पाय टेकायची छोटी फळी. झाडावर अठरा-वीस फुटांवर टेदरला लटकलेय, डावीकडे कललं की सगळं चिडीचूप, पण वीक साइडला म्हणजे उजवीकडच्या शॉटसाठी फिरले, धनुष्य टेदरच्या पलीकडे नेलं, की आधी कर्रर्र आणि मग एक बारीक टक्. शांत संध्याकाळी हा आवाज जमिनीवर ऐकू येतो, नवऱ्याला खाली उभं करून खात्री केलीय. पंधरा यार्डावरची म्हातारी डो (मादी हरीण) त्याला माफ करणार नाही. एक वेळ बक (नर) दुर्लक्ष करेल, ती नाही करायची.

आणि वैताग म्हणजे घरामागच्या मेपलवर हा आवाज येतच नव्हता! तिथे दोन फुटांवर प्लॅटफॉर्म लावून नाचले तरी काही नाही, जंगलातल्या रेड ओकवर गेलं की हजर. प्लॅटफॉर्मचे बोल्ट काढून वॉशर बदलले, सांध्यांवर सायकलची जुनी ट्यूब कापून चिकटवली (आवाज दाबायला ते स्टेल्थ स्ट्रिप्स नावाचे चिकट पट्टे मिळतात ना, त्यांची किंमत बघून मला दर वेळी हसू येतं, ट्यूब फुकट आणि थंडीत सुटत पण नाही), स्टिक्सच्या (खोडाला बांधून चढायच्या छोट्या शिड्या) पायऱ्यांना पण तीच. आवाज तसाच.

मग डोकं शांत ठेवून एकेक गोष्ट वजा करायला घेतली. प्लॅटफॉर्म काढूनच टाकला, पाय सरळ खोडाला लावून नुसती टेदरवर लटकले आणि उजवीकडे फिरले. टक् गेला, कर्रर्र शिल्लक! म्हणजे हे दोन वेगळे आवाज होते आणि आपण सगळे त्यांना एकच समजून चाललो होतो. यानंतर फोनवर व्हॉइस रेकॉर्डर चालू करून फोन रबरबँडने आधी स्टिकला बांधला, मग ब्रिजच्या (सॅडलला टेदरशी जोडणारा कमरेसमोरचा दोर) कॅराबिनरजवळ, म्हणजे धातूच्या उघडझाप कडीजवळ, मग टेदरच्या वर खोडाच्या मागच्या बाजूला. घरी येऊन तिन्ही रेकॉर्डिंग एकामागून एक ऐकली. तिसऱ्यात तो कर्रर्र एवढा मोठा की कुत्रं उठून बसलं.

तर प्रकार असा आहे. माझ्या टेदरच्या टोकाला शिवलेल्या डोळ्यात एक कॅराबिनर होता, विकणाऱ्याने (नाव नको) तसाच लावून पाठवलेला, दोर खोडाभोवती फिरवायचा आणि क्लिप करायचा, एका हाताने होतं म्हणून सोयीचं. मी उजवीकडे झुलले की दोराचा फास खोडाभोवती एक-दोन इंच सरकतो आणि तो कॅराबिनर ओकच्या सालीच्या उभ्या कंगोऱ्यांवरून घासत जातो. घरचा मेपल तरुण आहे, साल गुळगुळीत, म्हणून तिथे आवाज नाही. ज्यांनी सह्याद्रीत क्लायंबिंग केलंय त्यांच्या लक्षात दुसरी गोष्ट पण आली असेल: खोडाच्या गोलाईवर टेकलेला कॅराबिनर आडवा लोड घेऊ शकतो, आणि कॅराबिनरची खरी ताकद लांबीत असते, आडवी नाही. लोणावळ्याच्या नागफणीच्या रॅपलला (दोरावरून कडा उतरायला) असा अँकर लावला असता तर आमच्या लीडरने तिथेच कान उपटला असता. इथे मात्र हे खुशाल पॅक करून विकतात.

उपाय फुकटचा. कॅराबिनर काढला, दोराचं शेपूट त्याच्याच शिवलेल्या डोळ्यातून ओवून फास केला. दोर ८ मिमीचा ऑपलक्स आहे, कव्हर टणक आहे, सालीवर सरकला तरी नुसती फुसफुस होते. आणि महत्त्वाचं म्हणजे वजन टाकायच्या आधी तो डोळा खोडाच्या कुठल्या बाजूला येतोय ते बघायचं. ज्या बाजूला फिरायचंय त्याच्या विरुद्ध बाजूला डोळा ठेवून एक जोरदार हिसका देऊन फास आवळला की मग तो जवळजवळ जागचा हलत नाही. डोळ्यावर ट्यूब वेबिंगची (पोकळ विणलेल्या पट्टीची) बाही चढवायचा मोह झाला होता, पण बाही शिवून टाकू नका कोणी, वर-खाली सरकणारीच ठेवा, नाहीतर आतली शिलाई उसवतेय का ते दिसणारच नाही.

राहिला टक्. तो प्लॅटफॉर्मचा. माझ्या ओकची साल एका जागी फुगलेली आहे, त्यामुळे खालच्या दोन दातांपैकी एकच टेकतो, आणि मी उजव्या कडेवर सगळं वजन टाकलं की प्लॅटफॉर्म केसभर कलंडतो. चार बोटं वर सरकवला, स्ट्रॅप ओढून धरून टाचेने दोनदा खाली दाबला, टक् बंद. बस, एवढंच. महिनाभर ज्याच्यावर चर्चा झाली ते चार बोटांत संपलं.

जाता जाता: टेदरवर मी आता मेकॅनिकल असेंडर (दोरावर सरकणारी आणि वजन पडलं की धरणारी धातूची पकड) वापरत नाही, तेच काम करणारी ६ मिमी कॉर्डची श्वाबिश गाठ वापरते. असेंडर एका हाताने भराभर सरकतो हे मान्य, पण धातू म्हटला की कुठेतरी वाजणारच, आणि गाठ बघून कळते की ती नीट बसलीय. हे माझं मत आहे, भांडायला या. आणि टेदर कायम ताणलेला ठेवा, त्याच्या वर चढू नका. हा स्टॅटिक दोर आहे, क्लायंबिंगच्या दोरासारखा ताणून झटका खात नाही, दोन फुटांची ढील पण कंबर मोडेल.

आता स्काउटिंग. वॉटर्लू रिक्रिएशन एरिया, नेमकी जागा सांगणार नाही, २० हजार एकरांहून मोठा परिसर आहे, शोधा. उत्तरेला कॅटटेलची (पाणकणसाची) दलदल, तिच्यात कोरड्या जमिनीची एक जीभ आत शिरलेली, दक्षिणेला ओकची धार. हरणांनी दलदलीत झोपायचं आणि संध्याकाळी धारेवर खायला यायचं असा साधा कारभार. व्हाइट ओकची एकोर्न (फळं) पडायला लागलीत, खाली अर्ध्या चावलेल्या टोप्यांचा सडा आहे, ताजी लेंडी पण आहे. रेड ओकचं फळ कडू, ते हरणं उशिरा खातात, त्यामुळे सध्या व्हाइट ओक सोडून दुसरीकडे बघायची गरज नाही. हरणांच्या वाटेवर मनगटाएवढ्या सीडारवर एक ताजा रब (बकने शिंगं घासल्याची खूण), चीक अजून ओला होता, बोटाला चिकटला. (चिखलातून जाताना पॉयझन सुमॅक सांभाळा, अंगाला पुरळ आणणारं झाड आहे. टिक्ससाठी (गोचिडांसाठी) कपड्यांना परमेथ्रिन हे कीटकनाशक मारूनच जा.)

माझा ठरलेला ओक त्या वाटेच्या पूर्वेला आहे, पश्चिमेच्या वाऱ्याला बरोबर, माझा वास वाटेकडे जात नाही. अडचण अशी की त्याच्या दक्षिण बाजूला एक जाड फांदी असल्याने प्लॅटफॉर्म उत्तरेलाच बसतो, म्हणजे मी दक्षिणेला तोंड करून लटकणार आणि वाट माझ्या उजवीकडे. वीक साइड! फांदी कापायचा प्रश्नच नाही, इथे सरकारी जमिनीवर झाड छाटणं बेकायदा आहे, स्क्रू-इन पायऱ्या सुद्धा चालत नाहीत. एवढा खटाटोप त्या उजवीकडच्या शॉटसाठीच तर चालला होता.

शनिवारी संध्याकाळी वारा कुठे जातो ते बघायला तिथे मिल्कवीडची बोंडं फोडून कापूस सोडत बसले. आपल्या रुईच्याच कुळातलं झाड, लहानपणी म्हाताऱ्या उडवायचो ना, तसाच तंतोतंत. वारा बघायच्या पावडरच्या बाटलीपेक्षा शंभरपट भारी, लांबपर्यंत दिसतो आणि फुकट मिळतो. तर म्हातारी आधी छान पूर्वेला गेली आणि ऊन उतरल्यावर थांबली, खाली बसली, आणि ओकच्या पायथ्याच्या घळीतून हळूहळू उत्तरेला, सरळ दलदलीत. म्हणजे संध्याकाळी हवा थंड होऊन उताराने खाली वाहते आणि माझा वास थेट त्यांच्या अंथरुणात नेऊन सोडते. पहाटे बसावं तर अंधारात धारेवर चरणाऱ्या हरणांमधून जावं लागणार, ते पण नको.

आणि हे टाइप करता करताच सुचतंय, त्यामुळे आत्ता नकाशा उघडलाय. ओकच्या पूर्वेला एक केटल आहे, हिमनदीने सोडलेल्या बर्फाच्या ढेपेचा खड्डा, या भागात असे खूप आहेत. त्याच्या पश्चिम काठावर एक रेड मेपल बघितल्याचं आठवतंय, ओकपेक्षा बारीक, पण वाट वीस यार्डांच्या आत पडेल. तिथे खोडाच्या दक्षिणेला लटकले तर तोंड उत्तरेला, हरणं झाडाच्या आडून येणार, आणि वाट डावीकडे! स्ट्राँग साइड! पश्चिमेचा वारा वास केटलवर नेणार, हवा खाली बसली की वास त्या खड्ड्यातच साठणार, दलदलीत जाणार नाही. आत जायला पण केटलच्या तळातून वाट आहे, धारेवरून दिसत नाही. म्हणजे ज्या शॉटसाठी एवढी आवाजाची भानगड निस्तरली तो शॉट घ्यावाच लागणार नाही बहुतेक. असो, आवाज गेला ते बरंच झालं, नोव्हेंबरच्या रटमध्ये (हरणांच्या माजाच्या काळात) बक कुठून येईल याचा नेम नसतो.

पुण्याला आईला फोनवर हे सगळं सांगितलं तर म्हणे "झाडाला लटकून बसतेस, खाली उतरताना काय करतेस ते सांग आधी". तिकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंदच, त्यामुळे कोणाला याचं काही वाटायचं कारण नाही, पण उतरायच्या प्रश्नात मात्र दम आहे. सध्या स्टिक्सवरूनच उतरते. वन-स्टिक (एकच स्टिक वर वर सरकवत चढायचं) आणि रॅपलचा विचार चालू आहे, नागफणीची सवय आहे म्हणून धाडस होतं, पण अंधारात लांब दोर ओढून काढताना तो फांदीत अडकला तर काय, हे मला पटेल असं कोणी सांगितलेलं नाही.

तर कामं: त्या केटलकाठच्या मेपलवर जाऊन म्हातारी परत सोडायची, एकदा ऊन असताना आणि एकदा उतरल्यावर. खोडाचा घेर मोजायचा, कारण बारीक झाडावर माझे गुडघे दोन्ही बाजूंनी घसरतात आणि मग ब्रिज आखूड करावा लागतो, आणि ब्रिज आखूड केला की कमरेला चिमटा बसतो. टू-पॅनल (दोन वेगळ्या पट्ट्यांचं) सॅडल असलेल्यांनी सांगा, बारीक झाडावर तुम्ही ब्रिज किती ठेवता? आणि गुडघ्याचे पॅड खोडाला बांधून ठेवायचा प्रयोग केलाय का कोणी, पायाला न लावता? मला वाटतं चालेल, पण चढताना ते कुठे अडकवायचे ते कळत नाहीये.