तुम्ही विचारलंत म्हणून : नॉर्थ डकोटात आहे तरी काय?

"अमेरिकेत एवढी शहरे पडली असताना तुम्ही त्या नॉर्थ डकोटात का राहता? तिथे आहे तरी काय?" हा प्रश्न मला पुण्यातल्या लग्नघरांत विचारला गेला आहे, न्यू जर्सीतल्या मराठी स्नेह्यांच्या दिवाणखान्यात विचारला गेला आहे, आणि माझी आत्या तर तो दर दिवाळीला फोनवर न चुकता विचारते. एकदा तिने नकाशात कॅनडाची सीमा पाहिली आणि तेव्हापासून जावयाने कुठेतरी वाट चुकवली असावी असा तिचा पक्का समज आहे. प्रत्यक्षात इथे आधी मी आले, मातीचा अभ्यास करायला. जावई नंतर आला. शिक्षण संपल्यावर इथल्या फार्गो शहरात माती तपासण्याचे काम मिळाले आणि मी राहिले. प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर एवढेच आहे. दुसरा भाग मात्र सविस्तर उत्तर मागतो.

आधी आकार सांगते. हे राज्य सुमारे १,८३,००० चौरस किलोमीटरचे, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ तीन-पंचमांश आहे. आणि २०२०च्या जनगणनेनुसार त्यात ७,७९,०९४ माणसे राहतात, पिंपरी-चिंचवडच्या निम्म्याहूनही कमी. शेत सरासरी दीड हजार एकरांचे. माझ्या वडिलांची राहुरी तालुक्यातली जमीन सात एकर होती आणि आम्ही गावात बऱ्यापैकी समजले जात होतो, त्यामुळे हा आकडा सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "राखण कोण करतं?"

मी राहते तो पूर्वेकडचा पट्टा रेड नदीच्या खोऱ्याचा. खोरे हा शब्दच इथे फसवा आहे, कारण दोन्ही बाजूंना डोंगर नाहीत. हिमयुगाच्या अखेरीस अगासी नावाचे एक प्रचंड सरोवर इथे होते; ते आटले आणि त्याचा तळ म्हणजे आजची ही काळी, चिकट, टेबलासारखी सपाट जमीन. ओली झाली की बुटाला किलोभर चिकटते आणि सुकली की भेगाळते. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला आमच्या मळ्याची आठवण झाली होती. नदी उत्तरेकडे, कॅनडात वाहते. वसंतात दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो आणि उत्तरेकडचे पात्र अजून गोठलेलेच असते, म्हणून पाण्याला जायला जागा राहत नाही आणि ते सपाटीवर मैलोगणती पसरते. एप्रिल १९९७मध्ये ग्रँड फोर्क्स हे जवळजवळ संपूर्ण शहर रिकामे करावे लागले, आणि पाण्यात उभ्या असलेल्या बाजारपेठेच्या इमारतींना त्याच वेळी आगही लागली.

या मातीत वसंतातला गहू, सोयाबीन, मका, सूर्यफूल, जवस, राजम्याच्या जातीचे घेवडे पिकतात. पण मला खरोखर घरच्यासारखे वाटायला लावले ते साखरेच्या बिटाने. १ ऑक्टोबरच्या सुमारास बिटाची मुख्य काढणी सुरू होते आणि मग दोन-तीन आठवडे रात्रंदिवस रस्त्यांवर ट्रक धावत असतात. शिक्षक, दुकानदार, निवृत्त माणसे सुट्ट्या काढून ट्रक चालवायला किंवा काट्यावर उभे राहायला जातात. पहिल्या वर्षी मी रात्री अकरा वाजता दिव्यांच्या झगमगाटात वजनकाट्यावर लागलेली ती रांग पाहिली आणि मला क्षणभर गळीत हंगामातला आमचा कारखाना रस्ता दिसला; फरक इतकाच की इथे बैल नव्हते आणि ट्रॅक्टरवर गाणी वाजत नव्हती.

आणखी एक फरक आहे, आणि तो मला फार आवडतो. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर साखर घटते, म्हणून आमच्याकडे सगळी घाई तोडणीनंतरची. बिटाचे तसे नाही. इथे ते उघड्यावर, कित्येक मीटर उंचीच्या लांबच लांब राशींत रचून ठेवतात. थंडी पडली की रास गोठते आणि कारखाना वसंतापर्यंत त्यातून थोडे थोडे उचलत राहतो. ज्या हिवाळ्याची आत्याला एवढी भीती वाटते तोच इथला गोदामवाला आहे, आणि भाडेही घेत नाही. म्हणूनच ऑक्टोबरात ऊन तापले की काढणी थांबवतात, कारण गरम बीट राशीत सडते. नियम असा असल्यामुळे, छान ऊन पडलेल्या दिवशी कपाळाला आठ्या घालून बसलेले शेतकरी मी फक्त इथेच पाहिले.

हे कारखाने शेतकऱ्यांचे आहेत. अमेरिकन क्रिस्टल शुगर ही कंपनी पूर्वी डेन्व्हरहून चालत असे. १९७३मध्ये या खोऱ्यातल्या बीट उत्पादकांनी ती विकत घेतली आणि मुख्य कचेरी फार्गोच्या पलीकडच्या काठावर, मूरहेडला आणली. शेअर असल्याशिवाय त्या कारखान्याला बीट घालता येत नाही, आणि शेअर असला की ठरल्या क्षेत्रात बीट लावणे हा नुसता हक्क नसून बंधनही आहे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभ्या केलेल्या कारखान्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलीला हे समजावून सांगावे लागले नाही. बाबा आले तेव्हा मी त्यांना बिटाची रास दाखवायला नेले. बिटात साखर सतरा-अठरा टक्के असते हे ऐकून त्यांनी भुवया उंचावल्या आणि लगेच विचारले, "सभासदाला पैसे वेळेवर मिळतात का?" मिळतात, असे मी म्हणाले, तेव्हा ते हसले, का हसले ते मराठी वाचकाला सांगायला नको.

पण सहकाराची ही कथा फार गोड करून सांगण्याचा मला अधिकार नाही. आमच्याकडे बीडहून ऊसतोडीच्या टोळ्या येत, तशा इथे बिटाची विरळणी आणि खुरपणी करायला टेक्सासमधून मेक्सिकन वंशाची कुटुंबे पोराबाळांसह येत असत. यंत्रे आणि तणनाशके आली तशी ती कमी झाली. सभासद जमिनीचे मालक होते, ती कुटुंबे नव्हती. आणि याच शेतकऱ्यांच्या कारखान्यांनी करार जमला नाही म्हणून आपल्या सुमारे १,३०० कामगारांना ऑगस्ट २०११पासून एप्रिल २०१३पर्यंत, म्हणजे वीस महिने, टाळेबंदीत ठेवले होते. मालक शेतकरी असला म्हणून तो मालक असण्याचे थांबत नाही.

तरीही या राज्याचा स्वभाव समजून घ्यायचा तर शेतकऱ्याच्या रागापासूनच सुरुवात करावी लागते. शंभर वर्षांपूर्वी इथला गहू मिनिआपोलिसच्या व्यापाऱ्यांकडे जाई. प्रत तेच ठरवत, कडता तेच कापत आणि कर्जाचे व्याजही तिकडच्याच बँका लावत. १९१५ साली ए. सी. टाउनली नावाच्या, जवसाच्या शेतीत बुडालेल्या एका शेतकऱ्याने नॉनपार्टिझन लीग ही शेतकऱ्यांची राजकीय संघटना काढली. एका आमदाराने राजधानीत गाऱ्हाणे घेऊन आलेल्या शेतकऱ्यांना "घरी जा आणि डुकरांना खायला घाला" असे सुनावले, अशी आख्यायिका आहे. त्याने ते पुढे नाकारले, पण तोवर तिचा उपयोग होऊन गेला होता. १९१६मध्ये लीगचा लिन फ्रेझियर हा शेतकरी गव्हर्नर म्हणून निवडून आला. १९१९मध्ये बँक ऑफ नॉर्थ डकोटा ही राज्याच्या मालकीची बँक उघडली आणि १९२२मध्ये ग्रँड फोर्क्सला राज्याच्या मालकीची पिठाची गिरणी सुरू झाली. दोन्ही आजही चालू आहेत आणि अमेरिकेत राज्याच्या मालकीची अशी दुसरी गिरणी नाही. फ्रेझियरला मात्र १९२१मध्येच मतदारांनी मुदतीआधी परत बोलावले. असा मान मिळालेला तो अमेरिकेतला पहिला गव्हर्नर. १९३२च्या जनमताने कंपन्यांना शेतजमीन घेऊन शेती करायला बंदी केली, ती पुढे काही प्रमाणात सैल होत गेली. २०१६मध्ये दूध आणि वराहपालनापुरती आणखी सूट देण्याचा कायदा मतदारांनी मोठ्या बहुमताने फेटाळला, पण २०२३मध्ये विधिमंडळाने पशुपालनासाठी दार किलकिले केलेच. गंमत अशी की हेच मतदार राष्ट्राध्यक्षपदासाठी वर्षानुवर्षे रिपब्लिकन पक्षाला मते देतात आणि सरकारी बँकेला समाजवाद म्हटले तर नाराज होतात. माझ्या मते त्यांच्या लेखी तो वाद उजव्या-डाव्यांचा नाहीच; दूरच्या शहरातल्या माणसाने आपल्या मालाचा भाव ठरवू नये, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

पश्चिमेला गेले की राज्य बदलते. १९५१च्या एप्रिलमध्ये टायोगा गावाजवळ पहिल्यांदा तेल लागले, पण बाकन नावाच्या थरातले तेल खडकात घट्ट अडकलेले होते. सुमारे तीन किलोमीटर खाली जाऊन आडवे छिद्र पाडण्याचे आणि दाबाच्या पाण्याने खडक फोडण्याचे तंत्र जमले तेव्हा, म्हणजे २००६नंतर, ते वर येऊ लागले, आणि २०१९च्या अखेरीस रोजचे उत्पादन १५ लाख पिंपांवर गेले. तेलपट्ट्यातल्या विलिस्टन शहराची वस्ती २०१० ते २०२० या दहा वर्षांत १४,७१६वरून २९,१६० झाली. जमिनीच्या वरचा मालक आणि खालच्या खनिजाचा मालक इथे वेगळे असू शकतात, त्यामुळे एकाच रस्त्यावर एक शेतकरी लक्षाधीश झाला आणि शेजाऱ्याच्या वाट्याला फक्त धूळ, ट्रक आणि रात्रभर जळणाऱ्या वायूची ज्योत आली. आधीच्या तेजी-मंदीचे चटके आठवत असल्यामुळे मतदारांनी २०१०मध्ये तेल-वायूवरील करांचा ३० टक्के भाग वारसा निधीत ठेवण्याचे ठरवले; लग्नाच्या मुलीसाठी बाजूला काढलेल्या पैशासारखा तो आहे आणि त्यावर सगळ्या नातेवाइकांचा डोळाही तसाच आहे. वीज अजूनही मुख्यतः लिग्नाइट कोळशातून येते, मात्र सुमारे एक-तृतीयांश आता वाऱ्यातून. वाऱ्याची इथे टंचाई होण्याची शक्यता नाही.

याच भागात मिसुरी नदीवर गॅरिसन धरण आहे, आणि त्याबद्दल बोलताना मला मराठीतला धरणग्रस्त हा शब्द लागतो. इंग्रजीत इतका नेमका शब्द मला सापडलेला नाही. मँडन, हिडात्सा आणि अरिकारा हे मूळनिवासी लोक नदीकाठच्या मऊ मातीत शेकडो वर्षे मका, घेवडा, भोपळा आणि सूर्यफूल पिकवत होते, आणि ती शेती बायकांच्या हातात होती. या राज्यातली खरी जुनी शेती ती. नॉर्वेजियन आणि रशियातून आलेले जर्मन शेतकरी फार नंतरचे. १९५३मध्ये पूर्ण झालेल्या धरणाने या मूळनिवासींची दीड लाख एकरांहून अधिक जमीन आणि एल्बोवुड्स हे त्यांचे मुख्य गाव बुडवले. १९४८च्या मे महिन्यात वॉशिंग्टनमध्ये जमीन देण्याच्या करारावर सही होत असताना जमातीचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट चेहरा हाताने झाकून रडताना दिसतात, ते छायाचित्र मी इथल्या वस्तुसंग्रहालयात पाहिले. बागायती जमीन देऊन वरची माळरानाची जागा पत्करणे म्हणजे काय, हे मुळा आणि जायकवाडीच्या पाण्याजवळ वाढलेल्या माणसाला शब्दांत सांगावे लागत नाही. पुढे त्याच माळाखाली बाकनचे तेल निघाले आणि जमातीकडे पैसा आला. बुडालेले गाव मात्र पाण्याखालीच आहे.

रोजच्या जगण्याविषयी आत्याचे खास प्रश्न असतात, तेही उरकते. जानेवारीत पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत जातो, म्हणून इथल्या गाड्यांच्या पुढच्या बाजूला विजेची पिन लोंबत असते आणि रात्री इंजिन गरम राहावे म्हणून गाडी भिंतीला जोडून ठेवतात. अगदी २०१९पर्यंत रविवारी दुपारी बारापूर्वी बहुतेक दुकाने उघडायला कायद्याने बंदी होती. औषधाच्या दुकानाची बहुतांश मालकी फार्मासिस्टकडेच असावी असा नियम आहे, आणि तो उठवण्याचा प्रस्ताव २०१४मध्ये मतदारांनी फेटाळला. म्हणून आमच्या गल्लीतला औषधवाला मला नावाने ओळखतो. चर्चच्या तळघरातल्या सामूहिक जेवणात बटाटा आणि मैद्याच्या गोळ्यांचे दाट सूप मिळते, ते वरणफळांचे दूरचे भावंड आहे. तिखट मात्र पर्समधून न्यावे लागते.

तर आत्या, आणि तुम्ही सगळेच, यायचे असेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात या. मी तुम्हाला रात्री काट्यावर नेईन. बाबांनी तिथल्या चालकाला मराठीतच "किती टन?" असे विचारले होते, आणि त्याने समजल्यासारखी मान हलवून काट्यावरच्या आकड्याकडे बोट दाखवले होते.