जुन्या अंकांचं ओसीआर, टप्पा तिसरा: मेमरी जाते कुठे?

आजोबांच्या बांधीव मासिकांपैकी १९३४ चा खंड स्कॅन होऊन तयार होता. १६० पानं, एकच पीडीएफ. पुढचं काम सरळ दिसत होतं. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतून पानांची चित्रं काढायची, एकेक चित्र टेसरॅक्टला (चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम; या कामालाच ओसीआर म्हणतात) द्यायचं आणि मिळालेला मजकूर शोधता येईल असा साठवायचा. त्यात तीन आठवडे गेले. ज्यांनी घरच्या लॅपटॉपवर असं काही मांडलंय किंवा मांडणार आहेत, त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण सगळा भार तिच्यामुळेच आला. इंचाला ३०० ठिपके एवढी घनता पुरेशी असते असं सगळीकडे सांगतात. आजच्या पुस्तकांना ती पुरतेही. पण १९६२ चे लेखननियम येण्याआधीच्या छपाईत अनुस्वारांची दाटी असते: कांहीं, नाहीं, त्यानें, मीं सांगितलें. माझ्या खंडातले हे ठिपके झिजलेल्या टाइपातले आहेत, काही तर कागदाच्या तंतूएवढेच. ३०० वर ते विरून जायचे. ‘तीं’ मधला अनुस्वार गेला की नुसतं ‘ती’ उरतं आणि एकवचन की अनेकवचन तेच कळेनासं होतं. ४०० वर ठिपके दिसायला लागले. म्हणून ४०० सोडायचं नाही हे ठरलेलं होतं.

आता हिशेब बघा. पान साधारण ६ इंच रुंद, ९ इंच उंच. ४०० च्या हिशेबाने २४०० गुणिले ३६००, म्हणजे ८६ लाखांहून जास्त पिक्सेल. रंगीत असेल तर प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे एका पानाला सुमारे २६ एमबी. पीडीएफ फाइल डिस्कवर कितीही आटोपशीर दिसली तरी उघडल्यावर पान एवढी जागा घेणारच. माझा प्रोग्रॅम पीडीएफ-टू-इमेज लायब्ररीला (पानांची चित्रं करून देणारा तयार कोड) पूर्ण खंड एकदम द्यायचा आणि ती १६० चित्रांची यादी परत करायची. चार जीबीच्या वर. लॅपटॉपच चार जीबीचा. टर्मिनलवर ‘किल्ड’ एवढा एकच शब्द यायचा आणि परतावा कोड १३७. १२८ अधिक ९, म्हणजे सिग्नल ९ ने मारलं, प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) जबरदस्तीने बंद केली. कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) नोंदीत ‘आउट ऑफ मेमरी’ अशी ओळही सापडली.

याचा शोध घेताना मी ट्रेसमॅलॉक हे पायथनचं मेमरी मोजायचं साधन लावलं होतं आणि ते जेमतेम काही एमबी दाखवत होतं. एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. ट्रेसमॅलॉक पायथनच्या स्वतःच्या वाटपाची नोंद ठेवतं. चित्रं हाताळणाऱ्या पिलो लायब्ररीचे पिक्सेल सी भाषेच्या बाजूला राहतात, त्यामुळे ते त्याला दिसतच नाहीत. चाइल्ड प्रोसेसने, म्हणजे माझ्या प्रोग्रॅमने सुरू केलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमने, घेतलेली मेमरी तर अजिबात नाही. चित्रांचं काम असेल तर आधी आरएसएस बघा, म्हणजे त्या प्रोसेसने रॅममध्ये खरोखर व्यापलेली जागा. ट्रेसमॅलॉक नंतर.

मग मी लायब्ररी काढून टाकली आणि पॉपलर या पीडीएफ वाचणाऱ्या संचातलं पीडीएफ-टू-पीपीएम हे चित्रं काढणारं साधन थेट सबप्रोसेसने (वेगळा प्रोग्रॅम म्हणून) चालवायला लागलो. राखाडी रंगाचा पर्याय दिला की पान २६ वरून ८.६ एमबीवर येतं. शिवाय चित्रं टेम्पररी फोल्डरात लिहायला सांगितली. म्हणजे आता ती डिस्कवर, असं मी धरून चाललो. हे वाक्य लक्षात ठेवा, याकडे परत यायचंय.

पण त्याआधी प्रोग्रॅम अडकायला लागला. दर वेळी ३८ व्या पानाला. चूक कुठलीही नाही, सीपीयू शून्यावर, पंखाही शांत. ३८ वं पान खराब असेल म्हणून ते वेगळं काढून चालवलं, तर दोन सेकंदांत झालं. शेवटी अडकलेल्या प्रोसेसला एसट्रेस जोडलं, ते प्रोग्रॅम कर्नलकडे काय मागतोय ते दाखवतं. पीडीएफ-टू-पीपीएम ‘राइट’ या एकाच कॉलवर थांबलेलं, आणि ते लिहीत होतं क्रमांक दोनवर, म्हणजे चुकांच्या प्रवाहावर.

तेव्हा उलगडलं. माझ्या स्कॅनरने बनवलेल्या पीडीएफमध्ये काहीतरी किरकोळ बिघाड आहे आणि पॉपलर त्याबद्दल दर पानाला इशाऱ्यांच्या ओळी लिहितं. मी पोपनमध्ये, म्हणजे पायथनमधून दुसरा प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या आदेशात, चुकांचा प्रवाह पाइपला (दोन प्रोग्रॅममधल्या नळीला) जोडला होता आणि खाली नुसतं वेट, म्हणजे तो संपेपर्यंत थांब, म्हटलं होतं. लिनक्सवर पाइपची क्षमता सहसा ६४ केबी. माझ्या फाइलच्या बाबतीत ती ३८ व्या पानाला भरत होती. पाइप भरला की लिहिणारा थांबतो, कुणीतरी वाचेपर्यंत. आणि वाचणारा, म्हणजे मी, लिहिणारा संपायची वाट बघत बसलेला. पायथनच्या दस्तऐवजात ही सूचना स्पष्ट लिहिलेली आहे. वेटऐवजी पाइप वाचत राहणारं कम्युनिकेट वापरलं तर अडकत नाही, पण ते सगळा मजकूर मेमरीत ओढून घेतं. इशाऱ्यांसाठी ते चालेल, चित्रांचा प्रवाह त्यातून काढू नका. मी चुकांचा प्रवाह सरळ एका फाइलला जोडला. नंतर तीच फाइल वाचून बिघाड कुठल्या पानांत आहे तेही कळलं.

यानंतर सगळी पानं निघाली. टेसरॅक्टच्या चार प्रती एकत्र चालू केल्या आणि झोपलो. सकाळी खंड पूर्ण झाल्याचा संदेश होता, पण अकरा पानांचा मजकूर रिकामा. त्या अकराही वेळी टेसरॅक्टचा परतावा कोड उणे नऊ. पायथन चाइल्ड सिग्नलने मेला तर उणे आकडा देतो, आणि मी तो तपासतच नव्हतो. आता प्रत्येक ठिकाणी चेक चालू आहे, शून्य सोडून काहीही आलं तर पान परत रांगेत जातं.

पण मेमरी कोणी खाल्ली? टेसरॅक्टची एक प्रत माझ्या पानांवर दोनशे एमबीच्या आसपास घेते. चार म्हणजे आठशे. पायथन पन्नासही नाही. ब्राउझर आणि डेस्कटॉप धरले तरी आकडा जुळेना. टॉप या चालू प्रोसेस दाखवणाऱ्या कमांडमधल्या सगळ्या प्रोसेसची बेरीज एक, आणि वापरलेली मेमरी भलतीच जास्त. दीडएक जीबी कुणाच्याच नावावर नाही.

धागा सापडला मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या ‘फ्री’ या कमांडमधल्या ‘शेअर्ड’ या रकान्यात. तो १.७ जीबी दाखवत होता. गेल्या महिन्यात मी डेबियन या लिनक्सच्या १३ व्या आवृत्तीवर आलो. या आवृत्तीपासून नव्या मांडणीत टेम्प फोल्डर डिस्कवर नसतो, टीएमपीएफएसवर असतो, म्हणजे रॅमवर, रॅमच्या निम्म्यापर्यंत. माझी १६० राखाडी पानं, सुमारे १.४ जीबी, तिथे बसली होती. वर ३८ पानांच्या त्या अडकलेल्या फेरीचा फोल्डर. तो प्रोग्रॅम मी किल मायनस नाइनने (तोच सिग्नल ९) संपवला होता, आणि त्या सिग्नलनंतर पायथनला आवराआवर करायला संधीच मिळत नाही. ज्याला मी डिस्क समजत होतो ती रॅमच होती. फाइल कुठल्याच प्रोसेसच्या खात्यावर नसते, म्हणून टॉपमध्ये दिसली नाही.

उपाय एका ओळीचा: टेम्पररी फोल्डर ‘व्हार’ या फोल्डरातल्या ‘टेम्प’मध्ये हलवला, तो डिस्कवर आहे. सोबत एकदम सगळी पानं काढणं बंद केलं. आठ पानं काढायची, वाचायची, पुसायची, मग पुढची आठ.

टेसरॅक्टबद्दल एक वेगळी नोंद. ते स्वतःच एका पानासाठी चारपर्यंत थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या वाटा) उघडतं. चार प्रती म्हणजे सोळा थ्रेड, माझ्याकडे प्रोसेसरचे कोअर दोन. थ्रेडची मर्यादा ठरवणारं ओएमपी थ्रेड लिमिट हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ ठेवलं आणि प्रती दोनच केल्या, तर खंड आधीपेक्षा लवकर झाला. पाऊण तासात १६० पानं. प्रत्येक चाइल्डने जास्तीत जास्त किती मेमरी घेतली ते ओएस मॉड्यूलमधल्या वेट-फोर या फंक्शनमधून मिळतं. गेटआरयूसेज या दुसऱ्या फंक्शनचा चिल्ड्रन पर्याय फक्त सगळ्यांत मोठ्या चाइल्डचा आकडा देतो, बेरीज नाही.

काल रात्रीची फेरी स्वच्छ गेली. रिकामं पान एकही नाही, शेअर्ड रकाना जागचा हलला नाही. ११२ व्या पानावर ‘तीं मुलें’ अनुस्वारासकट उतरलंय. घ आणि ध यांची गल्लत अजून आहे, आणि दोन रकान्यांच्या जाहिरातींच्या पानांत ओळी एकमेकींत मिसळतात. १९३५ चा खंड या रविवारी स्कॅनरवर चढतोय.