तुम्ही विचारलंत म्हणून: "एवढा जीव लावता, मग एखादं घरीच का नाही आणलं?"

हा प्रश्न मला हळदीकुंकवाला येतो, भाजीच्या ठेल्यावर येतो, नणंदेच्या फोनवर तर दर वेळी येतो, आणि परवा डेंटिस्टने माझ्या तोंडात मशीन घालून ठेवून विचारला, म्हणजे मी काही बोलूच नये अशी सोय. सगळ्यांना एवढं माहितीय की मी आठवड्यातून तीन दिवस इथे इंदूरलाच एका शिशुगृहात जाते, जिथे आईबाप नसलेली किंवा सोडून दिलेली बाळं असतात आणि त्यातली बरीचशी आजारी, नाहीतर ऑपरेशनला थांबलेली. पुढचा प्रश्न मग ठरलेलाच. तुमची मुलं तर सेटल झालीत, घर मोठं आहे, मग आणा की एक!

आत्तापर्यंत मी हसून सोडून द्यायचे. पण या वेळी ज्यांनी विचारलं त्या खरंच विचारत होत्या, टोमणा नव्हता, म्हणून नीट सांगते.

आधी सोपं उत्तर, म्हणजे कायद्याचं. दत्तक घेणं म्हणजे संस्थेत जाऊन आवडलं ते बाळ उचललं असं नसतं हो. सगळं 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या पोर्टलवरून होतं, नोंदणी, घरी येऊन चौकशी, वेटिंग, सगळं. मी तिथे जाऊन दूध पाजत असले तरी ते बाळ मागायचा मला काडीचा हक्क नाही, आणि नसावाच, नाहीतर लोक सेवेच्या नावाखाली बाळं पसंत करायला येतील. शिवाय २०२२च्या नियमांत वयाची बेरीज आहे. नवरा-बायको दोघांचं मिळून वय दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ८५च्या आत पाहिजे, दोन ते चारच्या मुलासाठी ९०, चार ते आठला १००, त्यापुढे ११०. मी हे सांगतेय ते २०२३ साली, तेव्हा मी ५४ची, आमचे हे ५८चे. करा बेरीज. ११२. संपला विषय.

हे उत्तर मी कितीतरी जणांना दिलंय आणि ते खरंही आहे. पण त्याच्यामागे मी लपायचे, हे पण खरं.

आता तिथे मी करते काय, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लोकांना वाटतं मी मुलांशी खेळते, गोष्टी सांगते. अहो ती बाळं तीन महिन्यांची, त्यांना काय गोष्टी सांगणार! गेल्यावर पहिलं काम बांगड्या-अंगठ्या काढायच्या, कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे, एप्रन घालायचा, मोबाईल लॉकरमध्ये. फोटो काढायचाच नाही, मुलाची ओळख बाहेर जाऊ देणं हा गुन्हा आहे, त्यामुळे इथे मी जी नावं लिहितेय ती आमची घरगुती, रजिस्टरमधली नाहीत. थोडी जरी सर्दी असेल तर यायचं नाही. मग दुपटी बदलणं, औषधाचे थेंब, दूध पाजणं, ढेकर काढणं, वजन लिहिणं. एवढंच. याला सेवाबिवा म्हणू नका, माझ्या आईने अशी सहा बाळं काढली तिला कोणी शाल दिली नाही.

आणि एक सांगू का, लोक येतात वाढदिवस करायला. भावना चांगलीच असते पण डोकं घरी ठेवून येतात. कोणी चाळीस प्लेट पोहे-जलेबी आणतं, एका सद्गृहस्थांनी वडिलांच्या श्राद्धानिमित्त दोन किलो लौंगवाली सेव आणली होती. इंदूर आहे, सेव येणारच. पण आमच्याकडे तेव्हा अकरा बाळं होती आणि सगळ्यांचे मिळून सहा दात. सेव दीदींनी खाल्ली, बरंच झालं.

या दीदी म्हणजे तिथल्या आया. त्या बारा-बारा तास असतात, रात्रीच्या पाळ्या करतात, आणि कौतुक माझं होतं कारण मी पैसे घेत नाही. हे मला कधीच पटलेलं नाही.

तर ठमी. दोन महिन्यांची होती आली तेव्हा, वजन दोन किलो नऊशे, वरचा ओठ मधून दुभंगलेला आणि आत टाळूलाही फट. आमच्या ओळखीतल्या एक बाई म्हणाल्या, आईने ग्रहण पाळलं नसेल, सुरी धरली असेल हातात. मला इतका राग आला! पोटातल्या बाळाचा ओठ जुळतो तो चौथ्या ते सातव्या आठवड्यात आणि टाळू सहाव्या ते नवव्यात, तेव्हा कित्येक बायकांना आपल्याला दिवस गेलेत हे सुद्धा धड माहीत नसतं, ग्रहण कुठलं घेऊन बसलात. आणि त्या न पाहिलेल्या आईला आणखी किती दोष द्यायचा.

टाळूला फट असली की बाळाला ओढताच येत नाही. आपण स्ट्रॉला भोक पडलं की कसं नुसती हवा येते, तसं. बाटली तोंडात दिली तर ती जीव काढून ओढायची, दमून झोपून जायची, आणि बाटलीत दूध होतं तेवढंच. म्हणून बोंडलं. आजकालच्या मुलींना हा शब्द माहीत नसेल, चोच असलेली छोटी वाटी असते, आपल्याकडे बाळांना गुटी त्यानेच द्यायचे, हॉस्पिटलवाले त्याला पलाडाई म्हणतात. मी सासूबाईंचं चांदीचं बोंडलं मोठ्या हौसेने घेऊन गेले, माझी दोन्ही मुलं त्यावर वाढलीत, तर सिस्टर म्हणाल्या, "आंटी, ये वापस ले जाओ, यहाँ सब स्टील का, उबालने का, और चाँदी गुम हुई तो मेरे सिर।" बरोबरच होतं त्यांचं.

बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, आडवं नाही. बोंडल्याची चोच ओठाच्या कोपऱ्याला टेकवायची आणि गालाच्या आतल्या बाजूला अगदी थोडं सोडायचं, मधोमध नाही, मधोमध सोडलं की नाकातून येतं. मग थांबायचं. गळा हलला, गिळलं, की पुन्हा थोडं. तिच्या कपाळावर आठी पडली की समजायचं ढेकर अडकलीय. पाठीवर हात, ढेकर, पुन्हा सुरू. साठ मिली दुधाला चाळीस मिनिटं. शेवटी दोन थेंब उकळून गार केलेलं पाणी, फटीत दूध राहू नये म्हणून. आणि तीन तासांनी परत हेच. मी पहिल्या दिवशी घरी आले तर माझं मनगट धरलं होतं, कणीक मळता येईना.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की ओठाचं ऑपरेशन करू पण वजन पाच किलोपर्यंत आणा आणि हिमोग्लोबिन दहा. पैशाचा प्रश्न नव्हता, स्माइल ट्रेन नावाच्या संस्थेच्या मदतीने ही ऑपरेशनं फुकट होतात, प्रश्न त्या दोन किलो शंभरचा होता. मी एका जुन्या डायरीत तिची वजनं लिहायला लागले. तीन किलो चाळीस. तीन एकशे दहा. दीदी गेटवरच ओरडून सांगायच्या, "आंटी, आज सत्तर बढ़ी!" आणि मी रिक्षावाल्याला सुट्टे द्यायचे विसरून आत पळायचे. मग जानेवारीत तिला न्यूमोनिया झाला, आठ दिवस हॉस्पिटलात, परत आली तर एकशे ऐंशी ग्रॅम कमी. एकशे ऐंशी म्हणजे काय हो, एक वाटी साखर. पण मी त्या दिवशी राजवाड्याच्या गर्दीत रिक्षात बसून रडले, रिक्षावाला म्हणाला, "क्या हुआ माताजी, पर्स चली गई क्या?"

पाच किलो वीस झाली तेव्हा ती सात महिन्यांची होती. ऑपरेशन झालं. टाके ओढू नये म्हणून दोन्ही कोपरांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या बांधल्या होत्या, हात सरळच्या सरळ, एखाद्या ट्रॅफिक हवालदारासारखी पाळण्यात पडलेली. सूज उतरली आणि ती हसली, तर ते हसू मला ओळखूच येईना. आधीचं हसू जास्त रुंद होतं ना. मला त्याची सवय झाली होती.

त्याच सुमारास आमचे हे एकदा जेवताना म्हणाले, "आपण दहा वर्षांनी लहान असतो तर तिला आणली असती का ग?" मी म्हटलं, हो, आणली असती. पटकन म्हटलं. आणि मग रात्रभर झोप नाही, कारण मला माहीत होतं की मी खोटं बोलले.

मध्ये कागदपत्रं चालूच होती. सोडून दिलेल्या दोन वर्षांच्या आतल्या बाळाचे आईवडील दोन महिने शोधतात, पेपरात फोटोसकट जाहिरात देतात, कोणीच आलं नाही तर बाल कल्याण समिती त्याला दत्तक द्यायला मोकळं ठरवते. ठमीसाठी कोणी आलं नाही. टाळूचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं तेव्हाच पोर्टलवरून एका जोडप्याने तिला होकार दिला. आदेश कलेक्टर साहेबांकडून यायला वेळ लागतो, आधी हे काम कोर्टात होतं, पण बाळ त्याआधीच पालकांकडे राहायला जाऊ शकतं. आपण स्वयंसेवकांनी त्या भेटीच्या वेळी समोर नसावं असा तिथे दंडक आहे. पण सुपरिटेंडेंट मॅडमनी मलाच बोलावलं. म्हणाल्या, दूध कसं पाजायचं ते तुम्हीच दाखवा, हिचं तुम्हाला नीट माहीत आहे.

ती मुलगी, म्हणजे ती आई, तिशी-पस्तिशीची असेल. इतकी घाबरलेली की पर्स खांद्यावरच, काढायची विसरली. मी ठमीला तिच्या मांडीवर दिलं, बोंडलं हातात दिलं. तिने घाईघाईने मधोमध सोडलं. दूध नाकातून आलं, ठमी ठसकली, लाल झाली, ती बाई रडकुंडीला आली, "आंटी मुझसे नहीं होगा।"

आणि आता जे लिहिते ते मी यांनाही सांगितलं नव्हतं. त्या क्षणी मला बरं वाटलं. हिला नाही जमत, मलाच जमतं, असं. एक सेकंद असेल, पण वाटलं. ठमी माझ्याकडे बघून हात करत होती आणि मी मुद्दाम लगेच पुढे झाले नाही.

मग लाज वाटली. मी तिच्या मागे बसले, तिचं मनगट धरलं आणि म्हटलं, कोपऱ्यात टेकव, थोडं सोड, आता थांब, गळा बघ. गळा बघ ग! मराठीतच बोलत होते मी, तिला मराठी येत नव्हतं, पण तिने बघितला. गिळलं. पुन्हा थोडं. वीस मिली झाल्यावर मी माझा हात काढून घेतला आणि तिला कळलंच नाही. पन्नासला ठमीच्या कपाळावर आठी आली आणि मी काही बोलायच्या आत त्या बाईने बोंडलं खाली ठेवून तिला खांद्यावर घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं तिला.

जाताना तिने विचारलं हे भांडं कुठे मिळतं. मी म्हटलं बर्तन बाजारात मिळेल, राजवाड्याजवळ, पण शोधत कुठे फिरशील, थांब. आणि दीदींना विचारून तेच स्टीलचं तिच्या पिशवीत घातलं. संस्थेसाठी दुसऱ्या दिवशी मी दोन नवीन आणली, शंभर-दीडशेचा मामला.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. बेरीज ११२ ऐवजी ७२ असती तरी मी नसतं आणलं. मी तिथे चार तास जाते आणि मग घरी येऊन चहा पिते, दुपारी झोपते, रविवारी नाटकाला जाते. न्यूमोनियाच्या त्या आठ रात्री हॉस्पिटलात दीदी बसल्या होत्या, मी नाही. मला माझी झोप प्रिय आहे. माझ्या दोन मुलांच्या वेळी मी रात्री जागले, ते करायचं ते करून झालं, आता परत नको, असं माझ्या आत अगदी स्पष्ट आहे आणि ते जीव लावण्याच्या आड येत नाही. लोकांना वाटतं जीव असेल तर घरी आणायलाच हवं, नाहीतर तो खोटा. मला नाही तसं वाटत. जिला इतकी भीती वाटत असूनही पर्स खांद्याला लावून इतक्या लांबून यावंसं वाटलं, ती आई. मी दूध पाजणारी बाई.

यांना मी हे सगळं त्या रात्री सांगितलं, मुद्दाम थांबले होते ते सोडून. ते म्हणाले, "मला माहीत होतं ग, तू हो म्हणालीस तेव्हाच." मग मला विचारलं कशाला, तर म्हणे सहज.

डायरीत तिचं शेवटचं वजन सात किलो तीनशे आहे, तारीख १८ ऑगस्ट. त्याच्या पुढच्या पानापासून एका मुलाचं सुरू होतं, त्याची पावलं आत वळलेली होती, दर आठवड्याला नवं प्लास्टर, नंतर ते मधे दांडी असलेले बूट दिवसाचे तेवीस तास. त्या दांडीने तो पाळणा असा ठोकायचा की फोनवर बोलता यायचं नाही. त्याचं पुढे कधीतरी.

आणि ज्या दोघी-तिघी म्हणाल्यात की आम्हालाही यायचंय, त्यांनी या जरूर, पण आधी फोन करून, नखं कापून, आणि सहा महिने तरी जमणार असेल तर. एकदाच यायचं असेल तर डायपर पाठवा, लहान साइजचे, ते कधीच पुरत नाहीत.