पूर्व भागातला बंद कारखाना पुन्हा उघडताना

सोलापूरच्या पूर्व भागात, साखर पेठेजवळच्या गल्लीतला यंत्रमागाचा बंद कारखाना आम्ही चौघांनी भाड्याने घेतला. चित्रकार दोघे, शिवणकाम एकीचं, चादरीच्या तुकड्यांच्या पिशव्या एकाच्या. सगळ्यांना आधी भिंत रंगवायची घाई होते. ती करू नका. रंगीत भिंतीपुढे लोक फोटो काढतात आणि मागे काही उघडं नसेल तर तसेच निघून जातात; कोपऱ्यावरच्या चहावाल्याचा एक कप जास्त खपत नाही.

आधी मीटर. जुनं कनेक्शन यंत्रमागाच्या दराचं असतं. त्यावर दुकान चालवलं तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. मालकाची सही घेऊन वर्गवारी बदलून घ्या. भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो. कामगार वीसपेक्षा कमी असतील तर दुकान कायद्याखाली ऑनलाइन सूचना पुरते.

वायरिंगच्या आधी छताच्या वाशांवरचा कापसाचा रुवा काढा, एका ठिणगीवर पेटतो. फरशीत मुरलेल्या तेलावर रात्रभर लाकडाचा भुसा पसरा, सकाळी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासा. एकदा करून भागत नाही.

भिंत चुन्याची असेल तर सिमेंटचा गिलावा नको. ओल आत कोंडते, लोणा म्हणजे पांढरा क्षार धरतो, रंगाचे पापुद्रे सुटतात. आमचा एक कोपरा असाच गेला; खरवडून चुन्यानेच भरला. दोनशे चौरस फुटांना प्रायमर सव्वादोन लिटर आणि बाहेरच्या भिंतीचं इमल्शन दोन हातांना चार लिटर लागलं.

नक्षी चादरीचीच घेतली. जकार्डसाठी, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रासाठी, ती आलेख कागदावर चौकोन भरून काढतात. कागदावरच्या एका चौकोनाला भिंतीवर दोन इंच धरले. कोरड्या गेरूत घोळवलेली दोरी ताणून सोडली की सरळ रेघ उमटते. दहा बाय वीस फुटांत ६० बाय १२० चौकोन बसले. गल्लीतल्या जुन्या विणकरांना चुकलेला चौकोन उभ्या उभ्या दिसतो. ते बोट ठेवतील तो पुसायचाच.

शटरवर फार खर्च करू नका, दुकान उघडं असताना ते चित्र दिसतच नाही. तारेच्या ब्रशने गंज काढा, रेड ऑक्साइड लावा, वर ऑइलपेंटचे पातळ हात द्या. दिवसभर वाळण्याआधी गुंडाळलं की पट्ट्या एकमेकींना चिकटतात.

रंगाचं काम मे महिन्यातच उरका. नारळी पौर्णिमेला विणकरांचं दैवत मार्कंडेयाचा रथ पूर्व भागातून निघतो, तेव्हा पाऊस असतो. त्या दिवशी शटर वर आणि माल मांडलेला हवा.