शर्टावरचं नाव : मेलबर्नच्या सनशाइन नॉर्थमधली एक दुपार

"मामा, तिकडं काय बघणार? एमसीजी दाखवतो की तुम्हाला," भाचा दोन दिवस हेच म्हणत होता. पण मी कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर वाढलेला. मला सोमर्स स्ट्रीटवरचं, क्रोएशियन लोकांच्या फुटबॉल क्लबचं नाइट्स स्टेडियमच बघायचं होतं. शेवटी रविवारी दुपारी त्यानं गाडी काढली.

सनशाइन हा मेलबर्नच्या पश्चिमेचा कामगारांचा भाग. नावसुद्धा पीक कापणाऱ्या यंत्राचं. 'सनशाइन हार्वेस्टर' बनवणारा कारखाना इथं आला आणि 1907 साली गावानंच यंत्राचं नाव घेतलं. आजही रस्ता गोदामं आणि शेडमधून जातो. मग एकदम लाल-पांढऱ्या चौकटींची ढाल दिसते, बुद्धिबळाचा पट उभा केल्यासारखी. क्रोएशियाची हीच खूण.

आत शिरताच निखाऱ्यांवरच्या मांसाचा वास आला. चेवापी म्हणतात त्याला. बोटाएवढे खिम्याचे कबाब, पावात भरलेले, वर बारीक चिरलेला कच्चा कांदा आणि लाल ढोबळी मिरचीची चटणी. कांदा आपल्यासारखाच सढळ हातानं. दोन पाव घेऊन आम्ही मार्क विडुका स्टँडमध्ये जाऊन बसलो. स्टँडच्या नावाची गोष्ट पुढे सांगतो.

हा क्लब 1953 सालचा. युद्धानंतर क्रोएशियातून आलेल्या माणसांनी तो काढला. त्यांच्या देशावर तेव्हा युगोस्लाव्हिया हे नाव होतं, जगाच्या नकाशावर क्रोएशिया नव्हताच. त्यांनी संघाचं नाव ठेवलं 'क्रोएशिया'. जो देश कुठल्याच कागदावर नाही, त्याचं नाव दर आठवड्याला वर्तमानपत्रातल्या निकालात छापून येणार! हे समजून घ्यायला मला वेळ लागला नाही. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा... आमच्याकडेही संघाचं नाव म्हणजे तालीम, पेठ, माणसं.

1968 साली क्लबनं व्हिक्टोरिया राज्याची लीग जिंकली. पण शेजारीच फुट्सक्रेला 'जस्ट' नावाचा संघ होता. जस्ट म्हणजे युगोस्लाव्ह युनायटेड सॉकर टीमची आद्याक्षरं. दोघांच्या मॅचमध्ये जुन्या देशाचं सगळं राजकारण उतरायचं. 1972 मध्ये एका मॅचला प्रेक्षकांनी गोंधळ घातला आणि राज्य संघटनेनं क्रोएशियालाच बाहेर काढलं. मोठा संघ, हजारो माणसं, आणि खेळायला लीग नाही. मग काही वर्षांनी एसेंडन लायन्स या दुसऱ्या क्लबशी जोडून घेऊन ते 'एसेंडन क्रोएशिया' म्हणून परतले. क्लब दुसऱ्याचा चालला, नाव आपलंच हवं! 1984 साली ते राष्ट्रीय लीगमध्ये पोचले.

आता खरी ईर्ष्या. 1991 च्या फायनलला समोर ग्रीक लोकांचा साऊथ मेलबर्न. त्यांचे प्रशिक्षक साक्षात हंगेरीचे दिग्गज फेरेंक पुश्काश आणि कर्णधार अँज पोस्टेकोग्लू. क्रोएशियावाले पेनल्टीवर हरले. 1992 ला ॲडलेड सिटीकडून पुन्हा पेनल्टीवर. 1994 ला त्याच ॲडलेडकडून एका गोलनं. चार वर्षांत तीन फायनल हातून गेल्या! आणि 1995 मध्ये ॲडलेडच्याच मैदानावर त्यांना 2-0 हरवून अजिंक्यपद आणलं, 1996 ला पुन्हा. हे आकडे मी घरून पाठ करून गेलो होतो, तरी तिथं भाच्याला सांगताना अंगावर काटा आला.

त्या संघातला पोरगा म्हणजे मार्क विडुका, जवळच्या सेंट अल्बन्सचा. 1995 साली तो क्रोएशियाच्या राजधानीला, झाग्रेबला गेला. त्याच्या बदल्यात आलेल्या पैशातून हा स्टँड उभा राहिला. पण मला विलक्षण वाटतं ते वेगळंच. तो ज्या संघात गेला तो मूळचा डिनामो झाग्रेब. देश स्वतंत्र झाल्यावर राष्ट्राध्यक्ष तुजमान यांच्या राजवटीत त्याचं नाव 'क्रोएशिया झाग्रेब' करण्यात आलं होतं, आणि तिथले चाहते 'आमचं डिनामो परत द्या' म्हणून वर्षानुवर्षं भांडत होते. 2000 मध्ये ते परत मिळालं. म्हणजे झाग्रेबमध्ये 'क्रोएशिया' लादलं गेलं, आणि त्याच दशकात मेलबर्नमध्ये ते पुसलं गेलं. ऑस्ट्रेलियाच्या फुटबॉल संघटनेला सगळ्यांचा वाटेल असा खेळ हवा होता, म्हणून ग्रीक, इटालियन, क्रोएशियन नावं काढायला लावली. मेलबर्न क्रोएशियाचं 'मेलबर्न नाइट्स' झालं.

मला हे चुकीचं वाटतं. खेळ ज्यांनी वाढवला त्यांनाच नाव झाकायला सांगितलं. 2004 साली ती राष्ट्रीय लीगही संपली, नव्या ए-लीगमध्ये या क्लबांना जागा नव्हती, आणि दोनदा अजिंक्य ठरलेला हा संघ राज्याच्या लीगमध्ये परतला.

पण या नावाबरोबर दुसरंही काही येतं. इथून पुढे गेलेला योसिप शिमुनिच क्रोएशिया देशाकडून खेळला. 2013 मध्ये त्यानं प्रेक्षकांबरोबर युद्धकाळातल्या फॅसिस्ट उस्ताशा संघटनेची घोषणा दिली. दहा सामन्यांची बंदी आली, 2014 चा वर्ल्ड कप गेला. सिडनीतला क्रोएशियन क्लब 2022 साली ऑस्ट्रेलिया कपच्या फायनलला पोचला, राज्य लीगमधला असा पहिलाच संघ, आणि काही प्रेक्षकांच्या नाझी सलामांनी तो दिवस काळवंडला. ज्यांच्या आजोबांनी बूट झिजवून हे क्लब उभे केले, त्यांच्यावरही तो डाग पडतो.

नावांवरचे निर्बंध 2019 मध्ये उठले. मैदानावरची पाटी आजही 'नाइट्स'च आहे.

त्या दुपारच्या मॅचमध्ये शेवटच्या दहा मिनिटांत बरोबरीचा गोल झाला आणि पत्र्याचं छप्पर दणाणलं. पुढच्या रांगेतले एक आजोबा फोनवर कुणाला तरी स्कोअर सांगत होते. भाषा मला कळत नव्हती. 'नाइट्स' हा शब्द त्यात एकदाही आला नाही. 'क्रोएशिया' तीनदा आला.