सुसाफोन आतून कसा धुवायचा? तुम्ही विचारलंत म्हणून

बँडमध्ये मी सुसाफोन वाजवतो. अंगाभोवती वेटोळं घालून बसणारं, डोक्यावर मोठा भोंगा असलेलं पितळी वाद्य. आमच्यात त्याला नुसतं ‘बेस’ म्हणतात. वरात दारात टेकली आणि जरा उसंत मिळाली की कुणीतरी हमखास जवळ येतं, भोंग्यात डोकावतं आणि विचारतं, ‘काका, हे आतून धुता कसं?’ शाळेच्या बँडमध्ये ज्यांच्या मुलाला युफोनियम, म्हणजे याच घराण्यातलं लहान पितळी वाद्य, मिळालंय, ते आईवडीलही हेच विचारतात, फक्त जरा काळजीनं. म्हणून एकदा नीट बसून लिहितोय.

धुवावं लागतंच, आणि घरी धुता येतं. पण सगळं वाद्य सारखं घाण होत नाही, हे आधी ध्यानात घ्या. सुसाफोनची नळी सरळ केली तर सुमारे 18 फूट भरेल, युफोनियमची 9 फूट. फुंकर गरम आणि दमट, पितळ गार, त्यामुळे आत पाणी धरतं. पाणी काढायची चावी दाबल्यावर जे गळतं त्याला लोक थुंकी समजून नाक मुरडतात, पण त्यात बहुतेक हे वाफेचंच पाणी असतं. खरी घाण साचते ती पहिल्या दोन-तीन हातांत: माउथपीस, मानेसारखी वाकलेली नेक आणि तिथून पिस्टनपर्यंत, म्हणजे सूर बदलायला बोटांनी दाबतात त्या नळकांड्यांपर्यंत, जाणारी अरुंद नळी. लग्नात पंगत उठते न उठते तोच ‘चला, वाजवा’ अशी हाक येते. जिलबीचा पाक, मठ्ठा, वरून पान, चूळ न भरता फुंकलं की सगळं आत. भोंग्याच्या बाजूनं येतो तो गुलाल, रस्त्याची धूळ, चमचमत्या कागदाचे कपटे. हे दिसतं भयंकर, पण पाण्यानं सहज निघतं. तोंडाजवळचं निघत नाही.

एकदा नेक काढून तिच्यात मोबाइलची बॅटरी मारून बघा. करडा-हिरवट थर दिसेल, बोट लावलं तर बुळबुळीत लागेल आणि वास आंबूस येईल. हा थर जाड झाला की नळी तेवढी बारीक होते, आणि खालचे सूर फुटायला लागतात. मुलगा म्हणतो दम पुरत नाही. बऱ्याचदा दम पुरत असतो, वाटच बंद झालेली असते.

तब्येतीचाही प्रश्न आहे. 2010 साली ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या एका ट्रॉम्बोनवादकाची हकीकत छापून आली होती. त्याचा खोकला वर्षानुवर्षं हटत नव्हता. त्याच्या ट्रॉम्बोनच्या आत जिवाणू आणि बुरशी सापडली. वाद्य नियमित साफ करायला लागल्यावर त्याचा खोकला गेला. 2016 साली ‘थोरॅक्स’मध्ये इंग्लंडमधल्या एका बॅगपाइपवादकाची नोंद आली, तो तर दगावला. त्याच्या पाइपच्या आत बुरशीच बुरशी होती. घाबरवायचं म्हणून सांगत नाही. फुंकताना आपण त्याच नळीला तोंड लावून श्वासही घेतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात कातडी चपलेलाही चार दिवसांत बुरा येतो.

म्हणून माझं सांगणं असं आहे की मोठ्या आंघोळीपेक्षा रोजचं थोडं महत्त्वाचं. वाजवण्याआधी चूळ भरायची. वाजवून झालं की पाणी पूर्ण काढायचं. माउथपीस रोज नळाखाली धुवायचा, आठवड्यातून एकदा नेक काढून बाटलीच्या मऊ ब्रशनं साबणपाण्यात घासायची. सुसाफोनला नेक आणि माउथपीस यांच्यामध्ये दोन छोटे वाकडे तुकडे असतात, ते ‘बिट’ही त्यातच. युफोनियमची ही नळी सुटी होत नाही, तिथे तोंडाच्या बाजूनंच लवचीक ब्रश घालावा लागतो.

आता मोठी आंघोळ. आपल्याकडे बाथटब कुणाच्या घरी असतो? युफोनियम बाळाच्या आंघोळीच्या मोठ्या प्लॅस्टिक टबात बसतं. सुसाफोनसाठी गच्ची बरी, नाहीतर अंगण, खाली जुनी गोधडी किंवा सतरंजी. फरशीवर ठेवू नका. पितळी पत्रा पातळ असतो, ओल्या हातातून निसटला की पोचा पडतोच. भोंगा स्क्रू सोडवून वेगळा करायचा.

आधी पिस्टन. एकेक काढायचा आणि पंच्यावर ओळीनं ठेवायचा. प्रत्येकावर आकडा कोरलेला असतो, पहिला पिस्टन दुसऱ्याच्या घरात घातला तर तो बसत नाही किंवा बसला तर वाजत नाही. पिस्टन आणि त्याचं घर यांच्यातली फट केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. वाळूचा एक कण पुरतो अडकायला. म्हणून पिस्टन टबात बुडवून ठेवायचे नाहीत. वरचा फेल्ट आणि कॉर्क भिजवायचे नाहीत, खालचा पितळी भाग तेवढा हातात धरून मऊ ब्रशनं धुवायचा, भोकं आतून घासायची. घर पुसायला सळईला सुती कापड गुंडाळतात. सळईचं टोक उघडं राहिलं तर आत चरा पडतो आणि तो चरा कायमचा. ट्युबाला, म्हणजे सुसाफोनच्याच जातीच्या मांडीवर घेऊन वाजवायच्या वाद्याला, पिस्टनऐवजी फिरते रोटर असतील तर ते घरी उघडूच नका.

मग स्लाइडी, म्हणजे ओढून काढता येणाऱ्या वाकड्या नळ्या. स्लाइड ओढताना तिचा पिस्टन दाबून धरायचा, म्हणजे आत निर्वात होत नाही आणि ती सुखानं निघते. पिस्टन आधीच काढले असतील तर प्रश्नच नाही. दोन्ही पाय सारखे ओढायचे, तिरकी ओढली तर पाय वाकतात.

पाणी कोमट, हाताला सोसेल इतकंच. कढत पाण्यानं वरचं लॅकर, म्हणजे चकाकीचा पारदर्शक लेप, सोलून येतं, आणि एकदा पोपडे निघाले की वाद्य कायमचं कोडी दिसतं. भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब पुरेत. नळीत पाणी भरून अर्धा तास राहू द्यायचं, मग लवचीक स्प्रिंगचा लांब ब्रश, ज्याला आम्ही साप म्हणतो, तो घालायचा. वळणावर अडला तर रेटायचा नाही, काढून दुसऱ्या टोकानं घालायचा. दोरीशिवाय नुसती चिंधी आत कधी ढकलू नका, ती अडकली तर सोल्डरचा डाग उकलून नळी सोडवावी लागते. शेवटी पाइपनं, धार बारीक ठेवून, आधी भोंग्याकडून आणि मग तोंडाकडून खळखळून धुवायचं. बोअरचं पाणी असेल तर शेवटचा हात पिण्याच्या पाण्याचा असावा, नाहीतर आत क्षारांची पांढरी पुटं चढतात. आणि पाण्यानं भरलेलं वाद्य एकट्यानं उचलू नका. पितळी सुसाफोन रिकामाच बारा-पंधरा किलोंचा असतो.

इथपर्यंत ऐकल्यावर घरातलं कुणीतरी थोरलं माणूस म्हणतंच, ‘एवढं कशाला, चिंच टाका ना पाण्यात.’ पितळ म्हटलं की आपला हात चिंचेकडे, लिंबाकडे, पितांबरीकडे जातो. समई, घंगाळ, देवाची भांडी यांना ते ठीक आहे, कारण ती आपण घासतो, लगेच धुतो, कोरडी करतो. नळीच्या आत हात पोचत नाही, राहिलेली आंबट पाण्याची ओल तिथेच मुरते. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, हे आजीला सांगावं लागत नाही. तेच इथे उलट्या बाजूनं घडतं, फक्त ताकाऐवजी पितळ बिघडतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट, खारट ओलीत जस्त आधी विरघळतं, मागे उरतं ते सच्छिद्र, ठिसूळ तांबं. थुंकीनं हेच काम हळूहळू होत असतं, चिंच-व्हिनेगरनं आपण त्याला हातभार लावतो. दुकानातले कारागीर क्षार काढायला आम्ल वापरतात हे खरं, पण त्याची तीव्रता आणि वेळ त्यांना माहीत असते, आणि नंतर ते आम्ल मारूनही टाकतात. घरी नको. चकाकी हवी असेल तर ती बाहेरून, आणि लॅकर असेल तर तीही मऊ कापडानंच.

वाळवणं मला धुण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. 18 फूट वेटोळ्यातलं पाणी एका दमात निघत नाही. वाद्य वळणांच्या दिशेनं गोल गोल फिरवत राहावं लागतं, प्रत्येक फेरीला थोडं ओघळतं. मग स्लाइडी न लावता सावलीत, हवेशीर जागी रात्रभर ठेवायचं. ओलं वाद्य पेटीत बंद करून चातुर्मासात माळ्यावर टाकणं हे सगळ्यात वाईट. तुळशीच्या लग्नानंतर पेटी उघडली की आतला वासच काय ते सांगतो.

जोडताना पिस्टनला पिस्टनचंच पातळ तेल. खोबरेल घालणारे मी पाहिलेत, डिसेंबरच्या पहाटेच्या वरातीत ते थिजतं आणि ऐन चालीत बोट उचललं तरी पिस्टन वर येत नाही. शिलाई मशीनचं तेल जाड पडतं. स्लाइडींना स्लाइड ग्रीस, नसेल तर व्हॅसलीन चालतं.

किती दिवसांनी? माझा सुसाफोन मी गणपतीच्या मिरवणुका आटोपल्यावर धुतो आणि लग्नसराई संपून पाऊस लागायच्या आधी पुन्हा. रोज वाजवणाऱ्या मुलाचं युफोनियम दोन-तीन महिन्यांनी धुतलेलं बरं. स्लाइड हलत नसेल तर पक्कड लावू नका, कारागिराकडे न्या. बाहेरून पितळेवर गुलाबी-तांबूस ठिपका आणि त्याच्या मधोमध काळा बिंदू दिसला, तर तिथली नळी आतून खाल्ली गेली आहे. तो पॉलिशनं जात नाही, कितीही घासा. बहुतेक वेळा तो नेकवर किंवा तिच्या पुढच्या नळीवरच येतो. आपल्या बँडांची बरीचशी वाद्यं मेरठच्या जली कोठीतून येतात, नेक आणि बिट सुटे मिळतात. ते बदलून टाका, बाकीचं वाद्य अजून पुष्कळ वर्षं वाजेल.