नदीची प्रकृती कोण ठरवणार?

न्यूझीलंडमध्ये पर्यावरणशास्त्र शिकायला जाताय? मग तिथल्या मूळ रहिवासी माओरी समाजासोबत तयार झालेला, नदीची प्रकृती मोजणारा सांस्कृतिक आरोग्य निर्देशांक आधी समजून घ्या. गेल टिपा आणि लॉरेल टीअर्नी या संशोधकांनी तो ताइएरी नदीवरच्या कामातून उभा केला.

एखाद्या ठिकाणाची नोंद ‘ए-०/२.१/४.२’ अशी दिसते. ‘ए’ म्हणजे परंपरेने वापरातली जागा. तशी नसेल तर ‘बी’. त्यापुढचा आकडा १ असेल तर लोक इथे पुन्हा येतील, ० म्हणजे येणार नाहीत. पुढचे दोन्ही गुण १ ते ५ मधले. पहिला माहिंगा काईचा, म्हणजे परंपरेने अन्न गोळा करण्याचा: कोणते मासे, वनस्पती मिळतात, पूर्वी काय मिळायचं, काठापर्यंत पोहोचता येतं का. दुसरा प्रवाहाचा: पाण्याचा नितळपणा, तळातला गाळ, काठची झाडी.

वरच्या नोंदीत पाणी उत्तम, पण ईल मासा नाही किंवा वाट कुंपणाने अडवलेली, असं असू शकतं. सगळ्याची सरासरी काढली की नेमकं हेच हरवतं. म्हणून तिन्ही भाग वेगळेच ठेवा.

गुण स्थानिक माओरींनीच द्यायचे. संशोधनाचा प्रश्न ठरवण्याआधीच त्यांना भेटा आणि माहितीवर हक्क कुणाचा, हे लेखी ठरवा. प्रबंध अर्ध्यावर आल्यावर परवानगी मागणं मला अन्यायाचं वाटतं.